देवाचा पुत्र आणि गौतमीचा पुत्र

रोमन नाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे हटकून सोन्याच्या धुराकडे वळते. रोमन लेखक प्लिनी याची तक्रार आपल्या इतिहासलेखनात इतक्या वेळा आली आहे, की ती आता तक्रार न राहता आपले प्रशस्तिपत्रक झाली आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असे तो लिहितो. चार सेस्टर्स म्हणजे चांदीचे एक नाणे, या हिशेबाने ही रक्कम सव्वा कोटी नाण्यांची होते. आपण हा आकडा वाचतो, सुखावतो आणि पुढे जातो. त्या नाण्यांवर काय होते, ते येथल्या माणसाला कसे दिसले असेल आणि त्यातले येथे काय उरले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. नाणे हा धातूचा तुकडा असतो तसाच तो मजकूरही असतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना तरी वेगळे सांगायला नको. आपल्या ‘रुपया’ या शब्दातच ‘रूप’ आहे. ज्यावर रूप ठोकले आहे ते रूप्य, ही व्युत्पत्ती पाणिनीलाही ठाऊक होती.

आम्ही हे लिहीत आहोत ते जालना जिल्ह्यातील अंकुशनगरातून. अंबड तालुक्यातील साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीला स्वतःचे असे प्राचीनत्व नाही. पण ज्या गोदावरीच्या खोऱ्यात ती वसली आहे त्याच्या वरच्या अंगाला पैठण आहे, आणि जिल्ह्याच्या उत्तरेला केळणेच्या काठी भोकरदन, म्हणजे सांची आणि भारहूत येथील दानलेखांतून ज्याचे नाव येते ते भोगवर्धन. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे नाव आहे : भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांची वाट. तेथून आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तगरहून कापड बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे, असे त्यात म्हटले आहे. येथला आजचा गाडीवानही त्या वर्णनातला शेवटचा भाग सहज ओळखील.

असा हा थेट व्यापारी वाटेवरचा प्रदेश. मग रोमन चांदी येथे ढिगांनी सापडायला हवी. तशी ती सापडत नाही. रोमन चांदीचे मोठे साठे मिळाले ते कोइमतूरच्या बाजूला आणि आंध्र-तेलंगणात. एकेकाळी मराठवाड्याबरोबर एकाच संस्थानात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्ले येथे एकाच साठ्यात १,५३१ नाणी मिळाली. महाराष्ट्रात मात्र सुटी, मोजकी नाणी. या विरोधाचा उलगडा नाण्यांवरील चित्रांतूनच होतो, असे आमचे मत आहे. पण त्यासाठी आधी ती चित्रे पाहिली पाहिजेत.

रोमच्या चांदीच्या नाण्याचे नाव देनारिउस. पुढे संस्कृतात ‘दीनार’ म्हणून रुळलेला शब्द तो हाच; मात्र गुप्तकाळापर्यंत तो सोन्याच्या नाण्याला चिकटला होता. आपण सोयीसाठी दिनारच म्हणू. इसवी सनापूर्वी २११च्या सुमारास हे नाणे सुरू झाले तेव्हा त्याच्या एका बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि दुसऱ्या बाजूस घोड्यांवर स्वार झालेले जुळे देव होते. आपल्या अश्विनीकुमारांचे हे पाश्चात्त्य भाऊबंद. पुढे नाणी पाडण्याचे काम ज्या तरुण अधिकाऱ्यांकडे असे त्यांनी आपापल्या घराण्यांचे पूर्वज आणि पराक्रम त्यांवर आणायला सुरुवात केली. पण एक मर्यादा सर्वांनी पाळली होती : जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर येत नसे. चेहरा देवांचा किंवा मेलेल्यांचा. ही मर्यादा मोडली ती इ.स.पू. ४४ मध्ये. ज्यूलियस सीझरचे मुख नाण्यावर आले, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्याचा खून झाला. या दोन घटनांचा संबंध थेट कार्यकारणाचा नाही, पण नाण्यावरचा तो चेहरा सीझरच्या राजेपणाच्या अनेक खुणांपैकी एक होता, यात शंका नाही.

शेक्सपिअरच्या नाटकातून ब्रूटस भेटलेल्या वाचकांना पुढची गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसने दोनेक वर्षांत स्वतःची नाणी पाडली. मागच्या बाजूस दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. पुढच्या बाजूस काय? ब्रूटसचा स्वतःचा चेहरा. राजेपणाचा नाश केल्याची घोषणा ज्या नाण्यावर आहे त्याच्याच दुसऱ्या बाजूस राजेपणाची खूण आहे. नाटकातल्या ब्रूटसच्या उदात्त भाषणांपेक्षा हे सुपारीएवढे नाणे त्याच्याविषयी अधिक बोलते, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. नाशिकच्या गोदाकाठी याच गोष्टीची दुसरी आवृत्ती घडली, म्हणून ती लक्षात ठेवावी.

हिंदुस्थानात आलेल्या रोमन चांदीत दोन प्रकारांची नाणी फार मोठ्या संख्येने आहेत. पहिला प्रकार ऑगस्टसचा. एका बाजूस त्याचे मुख, भोवती लॅटिन अक्षरे : सीझर ऑगस्टस, देवाचा पुत्र, राष्ट्रपिता. दुसऱ्या बाजूस ढाली आणि भाले घेतलेले दोन तरुण, गायस आणि लूसियस. हे त्याच्या मुलीचे मुलगे, ज्यांना त्याने दत्तक घेऊन वारस ठरवले होते. लूसियस इ.स. २ मध्ये वारला आणि गायस इ.स. ४ मध्ये. म्हणजे ही नाणी मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला लागत होती तेव्हा त्यांवरचे दोन्ही युवराज बहुधा कधीच मरून गेले होते.

दुसरा प्रकार तिबेरिउसचा. त्याने इ.स. १४ ते ३७ राज्य केले आणि या सबंध काळात चांदीवर प्रामुख्याने एकच चित्र पाडत राहिला. दर्शनी बाजूस त्याचे पुष्पमालामंडित मस्तक आणि अक्षरे : तिबेरिउस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस. मागील बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात डहाळी. भोवती राजाचे धार्मिक पद, ‘महापुरोहित’. स्त्रीचे नाव कोठेच नाही. ती शांतिदेवता असावी, असे काही म्हणतात. पुष्कळ अभ्यासकांच्या मते त्या रूपाने ती लिविया आहे, ऑगस्टसची पत्नी आणि तिबेरिउसची सख्खी आई.

येथे थोडे थांबावे. तिबेरिउस हा ऑगस्टसचा औरस पुत्र नव्हे. गायस वारला त्या वर्षी त्याला दत्तक घेतले गेले. ऑगस्टस तरी कोठे सीझरचा औरस पुत्र होता? तोही दत्तकच. म्हणजे नाण्यावर जे दोन ‘देवाचे पुत्र’ मिरवतात ते दोघेही कागदोपत्री पुत्र. दत्तकाच्या वादांनी ज्यांची संस्थाने गेली त्या मराठी माणसाला यातली खोच समजावून सांगायला नको. खरे रक्ताचे नाते होते ते त्या बिननावाच्या बाईशी. आणि गंमत अशी, की ते नाते नाण्यावर लिहिण्याची संधी तिबेरिउसला चालून आली होती. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्यानंतर रोमच्या सेनेटमध्ये लिवियाला कोणते सन्मान द्यावेत याची चर्चा झाली. ऑगस्टसच्या मृत्युपत्राने ती ज्यूलिया हे नाव धारण करू लागली होती. सम्राटाच्या नावापुढे ‘ज्यूलियाचा पुत्र’ असे जोडावे, असे बऱ्याच सभासदांचे म्हणणे पडले. इतिहासकार टॅसिटस हे नोंदवतो आणि पुढे सांगतो, की बायकांना दिल्या जाणाऱ्या सन्मानांना मर्यादा असावी, असे म्हणून तिबेरिउसने हे सारे नाकारले. आईचे नाव नाण्यावर आले नाही. आली असेलच तर तिची आकृती आली, तीही पाठीमागे.

हे नाणे येथे पोचले तेव्हा यातले काय वाचले गेले असेल? उत्तर बहुधा असे आहे, की काहीच नाही. प्लिनीनेच सांगितलेली श्रीलंकेची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. एका रोमन करवसुली करणाऱ्याचा मुक्त गुलाम वाऱ्याने भरकटत त्या बेटावर पोचला. तेथल्या राजाने त्याच्याजवळचे दिनार पाहिले आणि तो चकित झाला : नाण्यांवरची मुखे निरनिराळ्या माणसांची, पण वजन सगळ्यांचे सारखे! रोमन लोक सचोटीचे असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्याने काढला. कथेत रोमन आत्मस्तुतीचा वास येतो हे खरे, तरी तिच्यातली नजर अगदी सराफाची आहे. चेहरे पाहायचे, पण वाचायचे नाहीत, ताजव्यात टाकायचे. भडोचच्या बाजाराविषयी ‘पेरिप्लस’ही हेच सांगतो. रोमन सोन्याची आणि चांदीची नाणी तेथे नेल्यास स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल करण्यात थोडा फायदा सुटतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे परकी नाणी देऊन येथली नाणी घ्यायची. दिलेल्या परक्या नाण्यांचे पुढे होणार काय, तर मूस.

न वितळलेले चेहरे दुसऱ्या मार्गाने गेले. तेरला भाजलेल्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत, ज्यांवर रोमन नाण्याचा ठसा उमटवलेला आहे. अशा चकत्या दख्खनेत इतरत्रही मिळाल्या असून काहींवर हाच तिबेरिउस ओळखता येतो. गळ्यात ओवण्यासाठी त्यांना भोक किंवा कडी असे. सम्राटाचा चेहरा दागिना झाला. यात नवल वाटण्याचे कारण नाही. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आपल्या आजी-पणज्यांनी पाहिले, त्या आकृत्यांवरून नाण्याला ‘पुतळी’ म्हटले आणि त्याची माळ करून गळ्यात घातली. राणीछाप रुपयांची माळही आपल्या ओळखीची आहे. परक्या राजाला गळ्यात घालून त्याचे राजेपण विसरून जायचे, ही या मुलखाची जुनीच रीत दिसते.

उलट दिशेचा प्रवासही झाला, तो जालना जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहे म्हणून येथे नोंदवतो. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, अलंकारांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. भोकरदनला १९७३ मध्ये झालेल्या उत्खननात त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. पाँपेईची बाई भोकरदनची होती असे यावरून ठामपणे म्हणता येत नाही, परंतु त्या कलेचे एक घर आपल्या जिल्ह्यात होते एवढे नक्की.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रात आलेली रोमन चांदी गेली कोठे? नाशिक जिल्ह्यातील गोदाकाठच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये एक प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. नाणी १३,२५० च्या घरात, सारी चांदीची, सारी मुळात एकाच राजाची : क्षहरात घराण्यातील नहपान. हाच तो राजा, ज्याचे नाव ‘पेरिप्लस’मध्ये ग्रीक कानांनी ऐकलेल्या रूपात येते असे मानले जाते. नहपानाने ही चांदी रोमन दिनार वितळवून मिळवली, असा नाणकशास्त्रज्ञांचा तर्क आहे. त्याच्या मुलखात स्वतःच्या चांदीच्या खाणी नव्हत्या, भडोच बंदर त्याच्या हाती होते, आणि कल्याणला जाऊ पाहणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. हे लक्षात घेता तो तर्क आम्हांला पटतो. दक्षिणेत राजांची स्वतःची चांदी फारशी नव्हती म्हणून दिनार दिनार म्हणूनच राहिले आणि पुरले गेले. येथे टांकसाळ होती, म्हणून ते उरले नाहीत.

नहपानाचे नाणे हे वाचनीय दस्तऐवज आहे. वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूस राजाचे मुख, उजवीकडे पाहणारे. भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरे आहेत म्हणून भाषा ग्रीक आहे असे मात्र नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ ही प्राकृतच ग्रीक लिपीत उतरवलेली आहे. आज भ्रमणध्वनीवर रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांवर रागावणाऱ्या शिक्षकांनी हे एकदा पाहावे. हे दुखणे दोन हजार वर्षांचे आहे.

पण स्कॉट यांना अधिक बुचकळ्यात टाकले ते चेहऱ्यांनी. नाव एकच, चेहरे अनेक. काही तरुण, काही म्हातारे. काहींचे नाक सरळ, काहींचे बाकदार. काहींची गालफडे बसलेली, काहींची भरलेली. एकाच माणसाचे वय वाढत गेले असे म्हणूनही हे सारे जुळत नव्हते. घराण्यातील निरनिराळ्या पुरुषांचे हे चेहरे असावेत, असा एक तर्क त्यांनी मांडला, आणि रोमन नाण्यांवरील मुखांशी असलेल्या साम्याकडेही लक्ष वेधले. आमचा कल दुसऱ्या निरीक्षणाकडे आहे. ज्याच्या हातात छिन्नी होती त्या ठसे कोरणाऱ्या कारागिराला ‘हा कोण’ याच्याशी कर्तव्य नव्हते. नाण्यावर एक चेहरा लागतो, इतके त्याला कळले होते. नमुने समोर होते, बाजारातून मुशीकडे निघालेले. श्रीलंकेच्या राजाने अनेक मुखे आणि एक वजन पाहिले. जोगलटेंभीत अनेक मुखे आणि एक नाव आहे. रोमन चेहऱ्यातला माणूस वितळला आणि केवळ ‘चेहरा असणे’ मागे राहिले.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यांतील त्याच्या लेखांत नाण्यांचा इतका बारकाईने हिशेब आहे, की वाचताना खतावणी उघडल्यासारखे वाटते : सत्तर हजार कार्षापण, पस्तीसला एक या भावाने दोन हजार सुवर्ण, गोवर्धनाच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजारांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण टक्का व्याज. कापडाच्या व्यापारात गुंतलेल्या प्रदेशाचे हे अर्थकारण आहे.

मग गौतमीपुत्र सातकर्णी आला. नहपानाचा पराभव झाला, क्षहरातांचा वंश निःशेष झाल्याचे नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील प्रशस्ती सांगते. विजेत्याच्या हाती शत्रूची चांदी आली. ती त्याने वितळवली नाही. जोगलटेंभीच्या साठ्यातील सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला. नहपानाच्या चेहऱ्यावर कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ, भोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’; बाण आणि वज्रावर चार गोलांचे, आज आपण ‘उज्जयिनी चिन्ह’ म्हणतो ते चिन्ह. पण ठसा घाईने मारलेला असे. डोंगराच्या कडेतून कोठे नहपानाचे नाक डोकावते, कोठे ग्रीक अक्षरांची शेपटी. पुसलेल्या पाटीवर जुनी अक्षरे दिसावीत तसे. बाकीच्या चार हजारांच्या आसपास नाण्यांना तर हातही लावलेला नाही. शत्रूचा चेहरा विजेत्याच्या राज्यात, त्याच गाडग्यात, शेजारी शेजारी नांदत राहिला. लष्करी घोषणा मोठ्या असतात, टांकसाळीचे काम मात्र सवडीने चालते. जमिनीचेही असेच. राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिल्याचा लेख त्याच लेण्यात आहे, आणि ते शेत पूर्वी उषवदाताकडे होते हे त्यात स्वच्छ म्हटले आहे. दानावर दान, ठशावर ठसा.

चेहऱ्यावर डोंगर ठोकणे ही कृती, निदान प्रथमदर्शनी, अर्थपूर्ण वाटते. सातवाहनांच्या आधीच्या नाण्यांवर हत्ती, सिंह, डोंगर, नदी, झाड असे. राजाचे नाव असे, राजा नसे. परक्यांनी आणलेला मुखाचा शिरस्ता मोडून या घराण्याने आपला डोंगर पुन्हा उभा केला, असे म्हणून टाळ्या घेता येतील. अशा टाळ्या घेतलेल्याही आहेत. पण पुढच्या पिढीत काय झाले? वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि त्याच्यानंतर यज्ञ सातकर्णी यांनी चांदीची नाणी पाडली, साधारण नहपानाच्याच वजनाची, आणि त्यांवर राजाचे मुख आहे. उजवीकडे पाहणारे, कुरळ्या केसांचे, कानांत आभूषण असलेले. ब्रूटसने सीझरला मारून चेहरा घेतला. सातवाहनांनी नहपानाला मारून घेतला. बाजार हे त्यामागचे मोठे कारण असावे. पश्चिम दख्खनेच्या पेठांत दोन पिढ्या मुखाचीच चांदी चालत होती, आणि व्यापाऱ्याला ज्याची सवय आहे तेच नाणे चालते. डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह मागच्या बाजूस गेले, वर सूर्य आणि चंद्र.

येथवर ही कथा अनुकरणाची आहे. ती तेवढीच असती तर आम्ही लिहिण्याच्या फंदात पडलो नसतो. पण या नाण्यांची अक्षरे वाचा. रोमन मुखाभोवती ‘देवाचा पुत्र’ असते, तेथे, बरोबर त्याच जागी, येथे ‘गोतमिपुतस’, ‘वासिठिपुतस’ आहे. तिबेरिउसने नाकारलेले विशेषण रोमपासून हजारो मैलांवर, त्याच्याच नाण्यांच्या वितळलेल्या चांदीतून पाडलेल्या असू शकणाऱ्या नाण्यांवर उमटलेले आहे. एवढेच नव्हे, ते दोन भाषांत उमटलेले आहे. या नाण्यांच्या दर्शनी बाजूस प्राकृत आहे, मागच्या बाजूस एक द्राविडी भाषा. ती तमिळ म्हणावी की दख्खनेतील दुसरी एखादी बोली, याविषयी मतभेद आहेत. पण तिच्यात पुत्र या अर्थी वाचला गेलेला शब्द तमिळ ‘मगन्’शी जुळतो. म्हणजे एका बाजूस आर्यभाषेत वासिष्ठीचा पुत्र आणि उलटवले तर द्राविडी भाषेत वासिष्ठीचा मुलगा. महाराष्ट्राच्या भाषिक इतिहासाकडे एकाच प्रवाहाच्या रूपाने पाहणाऱ्यांनी हे नाणे एकदा उलटवून पाहावे.

यावरून सातवाहनांकडे मातृसत्ता होती असे म्हणण्याचा मोह आवरावा लागतो. राज्य वडिलांकडून मुलाकडेच जात होते. अनेक राण्यांच्या मुलांत फरक करण्यासाठी आईचे कुलनाम लावण्याची रीत होती, असे त्याचे व्यवहारी स्पष्टीकरण आहे. आणि ‘गौतमी’ हे तरी त्या बाईचे नाव कोठे आहे? ते तिच्या माहेरच्या गोत्राचे नाव. म्हणजे पुन्हा तिच्या पित्याकडचे. तिचे स्वतःचे नाव बलश्री. ते नाण्यावर नाही. ते नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात आहे, तिने स्वतः कोरवून घेतलेल्या लेखात, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी. मुलाचा पराक्रम, त्याचे रूप, त्याचे आईविषयीचे आदराचे वर्तन, सारे त्या म्हातारीने तेथे मांडले आहे. शेजारीच, तिच्या दानाचे पुण्य ज्यांनी उपभोगायचे ते भिक्षू राहत. हालाच्या सप्तशतीतल्या प्राकृताच्या गोडीवर वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांनी प्राकृतातले हे गद्यही वर्गात न्यावे, असे आम्हांला वाटते. एका आईने लिहवून घेतलेले एवढे जुने चरित्र आपल्याकडे दुसरे कोणते आहे?

रोमन लिविया आणि दख्खनची गौतमी यांची तुलना म्हणूनच सरळ नाही. एकीची आकृती आहे, नाव नाही. दुसरीचे कुलनाम आहे, आकृती नाही. पण राजाच्या सत्तेला आधार म्हणून कोणते नाते लिहायचे, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे निरनिराळे दिले गेले, आणि ते उत्तर लोकांच्या हातोहाती फिरत राहिले. रोमने दत्तकपत्र लिहिले. येथे आईचे गोत्र लिहिले गेले.

हे सारे आज आपल्याला सांगता येते त्याचे काही श्रेय विद्वानांचे, काही झारेकऱ्यांचे. सोनारांच्या दुकानांपुढची माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे हे लोक पावसाळ्यानंतर नद्यांची वाळूही चाळतात, आणि सातवाहनांची कितीतरी नाणी त्यांच्या घमेल्यांतून संग्राहकांपर्यंत गेली आहेत. नाणी वाचली, पण त्यांचे गाव हरवले. १८७८चा निखात निधीचा कायदा सांगतो, की दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा मिळाल्यास कलेक्टरला कळवले पाहिजे. दहा रुपये! नाणे कोणत्या शेतात, कशाच्या शेजारी, किती खोल मिळाले हे कळल्याशिवाय ते कोणी वापरले हे कळत नाही, आणि गोदाकाठी असे न कळणारे नाणे फार आहे. यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मात्र नेमक्या जागी मिळाले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला तेव्हा ते तेथे होते : मुख, डोंगर, उज्जयिनी चिन्ह आणि आईचे नाव.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. सातवाहन गेले, नहपानाच्या मागून आलेल्या दुसऱ्या क्षत्रप घराण्याची चांदी पश्चिमेकडे चालू राहिली. तिच्यावर मुख आहे, शकवर्ष आहे आणि प्रत्येक राजाच्या नावाआधी त्याच्या बापाचे नाव आहे. आई गेली. ग्रीक अक्षरांचे नुसते फराटे उरले. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने याच घाटाची लहान चांदीची नाणी पाडली. नाशिकपासून मुंबईपर्यंत ती सापडतात आणि आठव्या शतकातील अंजनेरी येथील ताम्रपटात त्यांचा ‘कृष्णराजरूपक’ म्हणून उल्लेख आहे, म्हणजे राजा गेल्यावर दीडएकशे वर्षांनीही ती व्यवहारात होती. तिच्यावरचे मुख इतके ओबडधोबड आहे, की रोमन मस्तकाशी त्याचे नाते ओळखायला सवयीचा डोळा लागतो. मागे बसलेला नंदी. भोवतीच्या अक्षरांत कृष्णराज स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो, आणि ज्यांच्या चरणांचे आपण ध्यान करतो ती दोन माणसे सांगतो. समासात आधी माता आहे, मग पिता.